किडनीचा वाढलेला कॅन्सर आणि ऑपरेशननंतरची वर्षं : घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

सकाळचा राऊंड आटोपून डॉक्टर पुढच्या वॉर्डात गेले की नातेवाईक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. कोणी आर्णीहून आलेलं असतं, कोणी गोंडपिपरीहून, कोणी धारणीहून रात्रभर प्रवास करून. डॉक्टरांपुढं तोंडातून न निघालेला प्रश्न इथं निघतो. चौदा वर्षं मी नागपुरात युरोलॉजीच्या वॉर्डात सिस्टर आहे. त्याआधी मी स्वतः अशाच एका टेबलापुढं उभी होते, कारण माझ्या बाबांची डावी किडनी कॅन्सरमुळं काढावी लागली होती. प्रश्न जसे येतात तसेच, त्याच बोलीत लिहिले आहेत. उत्तरं वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांकडं जाताना काय विचारायचं ते मनात पक्कं व्हावं, एवढ्यासाठी ती आहेत.

"सिस्टर, सरळ सांगा. ऑपरेशन झाल्यावर माणूस किती वर्स जगते?"

सरळच सांगते, पण आधी मला तुमच्या पेशंटचा रिपोर्ट बघावा लागेल. "वाढलेला कॅन्सर" या एका शब्दात दोन अगदी वेगळे आजार बसलेले असतात.

पहिल्यात गाठ किडनीच्या बाहेर आली आहे, भोवतीच्या चरबीत, रक्ताच्या मोठ्या नळीत किंवा जवळच्या लसिका गाठींमध्ये शिरली आहे, पण दूर कुठं गेलेली नाही. ही बहुधा तिसरी स्टेज. दुसऱ्यात आजार फुफ्फुसात, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत पोचला आहे. ती चौथी. अमेरिकेत पेशंटची मोठी नोंद ठेवतात, तिथले आकडे असे : किडनीतच असलेला आजार सापडला तर पाच वर्षांनी १०० पैकी ९३च्या आसपास लोक हयात असतात, जवळपास पसरलेल्यात ७५च्या आसपास, आणि दूर पसरलेल्यात १८च्या आसपास.

हे आकडे तिकडचे आहेत. आपल्याकडं पेशंट उशिरा येतो, रक्त कमी असतं, औषध मध्येच सुटतं. आणि पाच वर्षांचा आकडा काढायचा तर पेशंट पाच वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुनेच घ्यावे लागतात, त्यामुळं अलीकडच्या औषधांचा पूर्ण फायदा त्यात दिसत नाही. म्हणून कोणी "सहा महिने" असं बोट मोजून सांगितलं, तर ते कशावरून म्हणता, असं नम्रपणे विचारा.

"स्टेज चार म्हंजे गेलंच नं मंग?"

नाही. फुफ्फुसात एकच बारीक गाठ असलेला, स्वतः चालत ओपीडीत आलेला माणूस आणि हाडं, यकृत दोन्हीकडं आजार असलेला, खाटेवरून न उठणारा माणूस, दोघांच्याही कागदावर चारच लिहिलेलं असतं. पहिल्याची ती एक गाठही काढता येते का, याचा विचार डॉक्टर करतात, आणि असे काही पेशंट कितीतरी वर्षं चांगले राहिलेले मी पाहिले आहेत.

पसरलेल्या आजाराचा अंदाज बांधायला डॉक्टर सहा गोष्टी बघतात. हिमोग्लोबिन कमी आहे का. रक्तात कॅल्शियम जास्त आहे का. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का. प्लेटलेट वाढल्यात का. पेशंट स्वतःची कामं स्वतः करू शकतो का. आणि निदान झाल्यापासून औषध सुरू करायची वेळ वर्षाच्या आतच आली का. यातलं एकही नसेल तर अंदाज चांगला, एक-दोन असतील तर मधला, तीन किंवा जास्त असतील तर अवघड. यातल्या चार गोष्टी साध्या रक्त तपासणीत कळतात. "आमच्या बाबांचं सहापैकी किती?" असं विचारलंत की डॉक्टर तुमच्याशी वेगळ्या तपशिलानं बोलतील, हा माझा अनुभव आहे.

"लघवीतून रक्त गेलं तं दुखलं काहीच नाही. आम्ही म्हटलं उन्हाळी लागली. आमच्यामुळंच उशीर झाला का?"

हा प्रश्न विचारताना बायका पदर तोंडाला लावतात. नका स्वतःला कोसू. किडनी पोटाच्या पार मागं, पाठीच्या बाजूला असते. तिथं गाठ नारळाएवढी झाली तरी कित्येकदा दुखत नाही. आणि रक्त एकदा जातं, मग महिना महिना लघवी स्वच्छ होते. तेवढ्यात धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा दिलेला असतो, म्हणून वाटतं उतार पडला. चैत्र-वैशाखात आपल्याकडं घराघरात कोणाला तरी उन्हाळी लागते, मुतखड्याचे पेशंट तर गावोगाव. मग कॅन्सर कोणाच्या मनात येणार?

पण घरातल्या बाकीच्यांसाठी लक्षात ठेवा : उन्हाळीत जळजळ होते, मुतखड्यात कळा येतात. काहीही न दुखता लाल लघवी झाली, एकदाच झाली तरी, सोनोग्राफी करायचीच. विशेषतः बिडी-सिगरेट ओढणारा, बीपी असलेला, वजन जास्त असलेला माणूस असेल तर. या तिन्हींनी किडनीच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

"चाकू लागला, हवा लागली का क्यान्सर फैलते म्हणतात. खरं हाय?"

नाही. ज्यांचं ऑपरेशन फार उशिरा झालं, त्यांचा आजार आधीच पसरलेला होता. लोकांनी तो ऑपरेशननंतर पाहिला, म्हणून दोष चाकूवर आला.

"एक डॉक्टर म्हणते किडनी काढा, दुसरा म्हणते आधी औषध. कोणाचं ऐकाव?"

फुफ्फुसात किंवा हाडांत आजार गेला असेल तेव्हाच हा घोळ होतो, आणि दोन्ही डॉक्टर आपल्या जागी प्रामाणिक असू शकतात. याला इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते, कारण तो कळला की भांडण मिटतं.

२००१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. तेव्हा इंटरफेरॉन हे नेहमी दिलं जाणारं औषध होतं. नुसतं इंटरफेरॉन घेतलेल्यांचं मधलं आयुष्य ८.१ महिने, आधी किडनी काढून मग इंटरफेरॉन घेतलेल्यांचं ११.१ महिने. मधलं आयुष्य म्हणजे शंभर पेशंटच्या रांगेतला पन्नासावा जिथं थांबला ते. पन्नास जण त्याच्या पुढं गेलेलेच असतात. त्या निकालानंतर पसरलेल्या आजारातही किडनी काढायची, ही रीतच पडली.

मग सनिटिनिबच्या गोळ्या आल्या. २०१८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी ४५० पेशंटांवर केलेला कार्मेना हा अभ्यास छापून आला. त्यात सगळे मधल्या किंवा अवघड अंदाजाचे पेशंट होते. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांचं मधलं आयुष्य १८.४ महिने निघालं, आधी ऑपरेशन केलेल्यांचं १३.९. म्हणजे अशा पेशंटांत घाईनं किडनी काढून फायदा दिसला नाही. कारण समजायला कठीण नाही : पोटावर मोठं ऑपरेशन, मग भरून यायला दीड-दोन महिने, तेवढा वेळ फुफ्फुसातला आजार मोकळा. काहींचं तर औषध सुरूच होऊ शकलं नाही.

म्हणून आज बहुतेक ठिकाणी असं बघतात. पेशंट हिंडता-फिरता, बाहेरचा आजार थोडा आणि किडनीतली गाठच मोठी असेल, तर आधी ऑपरेशन. आजार जागोजागी, सहापैकी बरेच गुण वाईट असतील, तर आधी औषध, आणि औषधाला चांगली साथ मिळाली तर काही महिन्यांनी किडनी काढायची. लघवीतून रक्त थांबतच नसेल किंवा वेदना असह्य असतील तर त्यासाठीही काढतात. तेव्हा "ऑपरेशन नको" म्हणणारा डॉक्टर हात झटकतो आहे असं समजू नका. त्याला एवढंच विचारा : "औषध लागू पडलं तर पुढं ऑपरेशनचा विचार कधी कराल?"

"रक्ताच्या मोठ्या नळीत गाठ शिरली म्हणते. आता काय?"

किडनीच्या कॅन्सरची ही खोडच आहे. वेल कुंपणात शिरावा तशी गाठ किडनीच्या शिरेतून हृदयाकडं जाणाऱ्या महाशिरेत वाढत जाते. ऐकायला भयंकर वाटतं, आणि ऑपरेशन खरंच मोठं असतं. गाठ वरपर्यंत गेली असेल तर हृदयाचे सर्जनही लागतात. म्हणून ते मोठ्या केंद्रातच करावं. पण आजार दूर गेलेला नसेल तर हे ऑपरेशन करण्यासारखं असतं. अशा पेशंटांपैकी निम्म्याच्या आसपास लोक पाच वर्षं पार करतात. नळीत गाठ आहे म्हणून आशा सोडून घरी नेलेले पेशंट मला आठवतात, आणि अजून वाईट वाटतं.

"टाके निघाले, जखम सुकली. आता नागपूरले कायले जाचं?"

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

ऑपरेशनात काढलेली किडनी लॅबमध्ये जाते. दहा-पंधरा दिवसांनी तिचा बायप्सी रिपोर्ट येतो. सुटीच्या वेळी तो बहुतेकदा आलेला नसतो. डिस्चार्ज कार्डावर खाली बारीक अक्षरात "रिपोर्ट घेऊन भेटणे" असं लिहिलेलं असतं, आणि ते कार्ड चार घड्या करून रेशन कार्डासोबत पिशवीत जातं. पुढं सोयाबीन निघायची असते, मग कापसाची वेचणी, मग तूर. रिपोर्ट तिकडंच पडून राहतो.

माझ्या बाबांचं हेच झालं. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, तरी झालं. गाठ शिरेत शिरली होती आणि दर काही महिन्यांनी सिटी स्कॅन लागणार होता, हे त्या कागदावर होतं. आम्हाला कोणी बसवून सांगितलं नाही, आणि आम्ही कागद आणायला गेलो नाही. चौदा महिन्यांनी खोकला थांबेना म्हणून फोटो काढला, तेव्हा दोन्ही फुफ्फुसांत गाठी होत्या. त्यानंतर गोळ्यांवर बाबा चार वर्षं जगले, दोन दिवाळ्या तर चांगल्या ठणठणीत. पण ते चौदा महिने मला अजून टोचतात.

त्या रिपोर्टात तीन गोष्टी बघा किंवा डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा : कॅन्सर कोणत्या जातीचा (बहुतेकांचा क्लिअर सेल असतो), ग्रेड किती (म्हणजे पेशी किती बिघडल्यात), आणि तो कुठपर्यंत पोचला होता. सार्कोमॅटॉइड हा शब्द असेल तर आजार चपळ आहे, त्या पेशंटकडं जास्त लक्ष लागतं.

आता तर या कागदाला आणखी मोल आलं आहे. पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडतं. क्लिअर सेलचा, परत येण्याची भीती जास्त असलेला आजार पूर्ण काढल्यावर ते एक वर्ष दिलं, तर चार वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९१.२ टक्के राहिलं. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ८६ टक्के. ९९४ पेशंटांचा हा अभ्यास आहे. त्यात सगळ्यांना ऑपरेशननंतर बारा आठवड्यांच्या आत घेतलं होतं. म्हणजे दसऱ्याला ऑपरेशन झालेला माणूस संक्रांतीनंतर रिपोर्ट आणायला गेला, तर ती वेळ टळलेली असते. इंजेक्शन परवडेल की नाही हा पुढचा प्रश्न. विचारायची संधी तरी जाऊ देऊ नका.

इंजेक्शन मिळो न मिळो, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पहिली तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी छाती-पोटाचा सिटी स्कॅन आणि रक्त, मग वर्षातून एकदा. पाच वर्षं झाली म्हणून थांबू नका. हा आजार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. लवकर दिसलेली एकटी गाठ काढता येते, खोकला सुरू झाल्यावर दिसलेल्या वीस गाठी काढता येत नाहीत. दिग्रसकडच्या एका आजीनं घरच्या कॅलेंडरवर पोळ्याच्या चौकोनात नातवाकडून लाल पेनानं "आजीचा फोटो" लिहून घेतलं होतं. त्या पानाचा फाडलेला तुकडाच घेऊन ती ओपीडीला येते. तिला सातवं वर्ष लागलं आहे.

"सगळ्यायले केमो देते, आमच्या माणसाले काहून नाही देत?"

कारण नेहमीची केमो किडनीच्या कॅन्सरवर जवळजवळ चालतच नाही. इथं सनिटिनिब, पॅझोपॅनिबसारख्या गोळ्या चालतात, त्या गाठीची रक्ताची रसद तोडतात. आणि इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी इंजेक्शनं चालतात. मधल्या आणि अवघड अंदाजाच्या पेशंटांत निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी दिल्यावर पाच वर्षांनी १०० पैकी ४३च्या आसपास हयात होते, सनिटिनिबवरचे ३१च्या आसपास.

"गोळ्यांनी हातापायाची सालं निघते. बंद करू का?"

मनानं बंद करू नका, फोन करा. डॉक्टर डोस कमी करतात किंवा मध्ये आठवडा सोडतात. तळहात-तळपाय लाल होऊन फुटतात, तोंड येतं, बीपी चढतं, थकवा येतो, थायरॉइड मंदावतं. सनिटिनिबनं कातडी पिवळसर दिसते, ती कावीळ असेलच असं नाही, पण दाखवा. या दिवसांत कापूस वेचायला लावू नका. बोंडाची टोकं त्या हातांना सुयांसारखी लागतात. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा. गावातल्या आशाताईंना सांगितलं तर त्या मदत करतात.

"एका किडनीवर वावरात काम जमते का?"

जमतं. दुसरी किडनी चांगली असेल तर डायलिसिस लागत नाही. निदान सहा आठवडे पोतं, बादली, फवारणीचा पंप उचलायचा नाही, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होतो. नंतर हळूहळू.

पण दोन गोष्टींवर मी हट्ट धरते. एक म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. अंग दुखलं की आपल्याकडं मेडिकलमधून सुट्या गोळ्यांची पुडी आणतात, त्यात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असतं. ती उरलेल्या किडनीला मारक आहेत. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. दुसरं म्हणजे ऊन. आपल्याकडं पारा ४५च्या वर जातो. एक किडनीवाल्या माणसानं दुपारी अकरा ते चार वावरात राहायचं नाही, आणि लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट बघू नका. मीठ-लोणचं-पापड कमी. दर काही महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्त तपासणी) बघा, आणि सिटी स्कॅनच्या टेबलावर झोपण्याआधी "किडनी एकच आहे" हे तिथल्या माणसाला तोंडानं सांगा.

जडीबुटीचं पाणी, भस्म यांबद्दलही याच ठिकाणी सांगते. त्यात काय आहे ते देणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. गाळणी एकच उरली आहे. देऊ नका.

"पाठ लय दुखते, पन काम केलं म्हणून असंन?"

असेलही. पण या पेशंटची पाठदुखी आठवडाभर राहिली, रात्री झोप मोडू लागली, तर दाखवा. हा आजार हाडांत जातो. पायांत मुंग्या, पायाची ताकद कमी होणं, लघवी अडणं असं काही झालं तर त्याच दिवशी गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. मज्जारज्जू दाबला जात असतो. वेळेवर इंजेक्शन, शेक (मशीनवरचं रेडिएशन) किंवा ऑपरेशन झालं तर माणूस चालत राहतो. दोन दिवस मालिश करण्यात गेले तर पाय परत येत नाहीत.

"वावर इकाव का?"

आधी हे करा. नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो, एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, सेवाग्राम, सावंगी, यातलं तुम्हाला जवळचं कोणतं ते बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. १५५३८८ वर फोन करून कोणत्या दवाखान्यात तुमचं ऑपरेशन बसतं ते विचारा, आणि दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला भेटा, भरती झाल्यावर नाही. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का ते घरूनच बघून निघा. एका अक्षराच्या फरकानं लोकांचे आठ-आठ दिवस गेलेले मी पाहते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्जही करता येतो. मुंबईला टाटाला जायचं ठरलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट.

आता विकायचं म्हणाल तर : गाठ पूर्ण निघण्यासारखी आहे आणि फक्त ऑपरेशनच्या पैशासाठी अडलं आहे, असं सहसा होऊ नये. योजना त्यासाठीच आहे. अडचण येते ती इम्युनोथेरपीला. तिचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि महिनोनमहिने चालतो. तिथं डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हे किती दिवस चालेल, नाही जमलं तर स्वस्तातल्या जेनेरिक गोळ्यांवर किती फरक पडेल, आणि तीन महिन्यांनी उपयोग दिसला नाही तर थांबायचं का? उत्तरं घेऊन घरी या, पेशंटला सोबत घेऊन बसा, मग ठरवा. पेशंटला न विचारता त्याचं वावर विकलं, हे मला मान्य नाही.

"बाबाले सांगाव का?"

त्यांना बहुधा कळलेलंच असतं. कॅन्सर हॉस्पिटलची पाटी वाचता येते, शेजारच्या खाटेवरचा माणूसही बोलतो. सगळं एका दमात सांगू नका. "बाबा, तुम्हाले काय काय माहीत करून घ्याचं हाय?" असं विचारा आणि ते जेवढं विचारतील तेवढंच खरं सांगा. माझ्या बाबांनी एवढंच विचारलं होतं, "तुह्या बहिणीचं लगन माह्या डोयानं पाहीन का?" मी म्हटलं, लवकर करू. केलं. ते मांडवात बसले होते.

"आता डॉक्टर म्हणते, घरी न्या. मंग काहीच उरलं नाही का?"

दुखणं थांबवायचं उरलं आहे, आणि ते मोठं काम आहे. मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. २०१४ साली कायदा बदलून त्या मिळणं सोपं केलं आहे. कॅन्सरच्या दुखण्यात योग्य डोसनं सवय लागायची भीती धरू नका. हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा शेक देऊन आराम पडतो. सुटीच्या आधी पॅलिएटिव्ह विभागात (दुखणं, त्रास कमी करणाऱ्या) चिठ्ठी मागून घ्या, गोळी चुकली तर कोणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. बद्धकोष्ठावरचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून द्यायचं असतं, ते लिहून दिलंय का बघा. खाट जिथून अंगण दिसतं तिथं टाका. जेवायला बळजबरी नको, घोट घोट भाताची पेज, ताक, जे मागतील ते. आणि रात्री कोणी तरी जवळ झोपा.